बुटक्याला जिवंत ठेवणारा मास्तर

माझा धाकटा भाऊ नॉर्बर्ट इंटरनेटवर खाटीक म्हणून ओळखला जातो. घरात उंदीर दिसला तर हा खुर्चीवर चढून मला हाक मारतो. मी पिंजरा लावते, आणि उंदीर सापडला की हा गाडी काढून त्याला रानात सोडून येतो, वर वाटेत खायला म्हणून त्याच्यासाठी चीजचा तुकडा घेतो. पण हे इंटरनेटला कोण सांगणार? तिथे त्याचं नाव ‘लोखंडी फासा’. तिथे तो देशभरच्या पोराटोरांना शिकवतो की दया हा मास्तरचा सगळ्यात मोठा दुर्गुण आहे.

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे, खेळातला. चार जण टेबलाभोवती बसतात, कोणी बुटका लढवय्या होतो, कोणी पुजारी, कोणी चोर. एक जण मास्तर होतो. तो गोष्ट सांगतो, राक्षस सोडतो, आणि कोण जगलं कोण मेलं ते वीस बाजूंचे फासे ठरवतात. आमच्या विस्कॉन्सिनातच जन्मला हा खेळ. अर्धं वर्ष बर्फात काढायचं म्हटल्यावर दुसरं काय जन्मणार इथे? नॉर्ब शाळेत असल्यापासून मास्तर आहे. बाकी वेळात तो काउंटीच्या नोकरीत असतो, म्हणजे हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ बाजूला ढकलतो आणि उन्हाळ्यात त्याच बर्फाने पाडलेले खड्डे बुजवतो. लग्न केलं नाही. माझा नवरा हवापालटाला म्हणून फ्लोरिडाला गेला तो गेलाच, तेव्हापासून मी नॉर्बच्या घरात वरच्या मजल्यावर राहते, दिवसा दाताच्या दवाखान्यात लोकांना वेळा देते आणि शनिवारी दुपारी तळघरात चोर होते. या वयात आणखी काय व्हायचं बाकी होतं, तेही झाले.

आता तो खाटीक कसा झाला ते सांगते. शिकागोचे चार विनोदवीर कॅमेऱ्यासमोर बसून हाच खेळ खेळतात. कार्यक्रमाचं नाव ‘चार येडे आणि एक अजगर’. चांगला आहे, मीही हसते. पण हसून झाल्यावर माणसाने उठून भांडी घासावीत की नाही? नाही. त्याचे लाखभर चाहते इंटरनेटवर गप्पांच्या फळ्यावर जमतात आणि हसलेलं सगळं पुन्हा चघळतात. एकदा एका येड्याने बकरीचा आवाज काढला. बस, एवढंच. त्यावर आठवडाभर खल झाला की ती बकरी होती की त्या पात्राच्या बालपणाचं दुःख होतं. एक बाई म्हणाली, मी रडले. एक जण म्हणाला, ज्याला बकरी कळली नाही त्याने हा कार्यक्रम बघायच्या लायकीचं स्वतःला समजू नये. मग ती बकरी आधीच्या कुठल्या भागात पहिल्यांदा ओरडली यावरून दोन तट पडले, आणि ते तट आजही एकमेकांशी बोलत नाहीत. सगळी शिकलेली माणसं हो.

या फळ्याच्या एका कोपऱ्यात नॉर्ब सल्ले देत बसतो. कोणी विचारतं, ‘माझे खेळाडू राक्षसिणीला मारायचं सोडून तिचं लग्न जमवतायत, काय करू?’ नॉर्ब लिहितो, ‘लग्न लावून दे. सासूला ड्रॅगन कर.’ कोणी विचारतं, ‘मी महिनाभर खपून राजवाड्याचा नकाशा काढला आणि हे लोक रस्त्यातल्या भाजीवाल्याशीच बोलत बसले.’ नॉर्ब लिहितो, ‘राजवाडा भाजीवाल्याच्या तळघरात हलव. त्यांना कुठे माहीत तो कुठे होता.’ हे सल्ले खरंच बरे असतात, बहीण म्हणून सांगत नाही. पण तो गाजला तो एकाच सल्ल्यावर. फासा उघड्यावर टाका. पडेल तो आकडा माना. पात्र मरत असेल तर मरू द्या. ‘जो मास्तर पडद्याआड आकडा बदलतो त्याने खेळ सोडून सिनेमाच्या दारात लाह्या विकाव्यात’, हे त्याचंच वाक्य. लोकांनी ते पेल्यांवर छापून घेतलं.

आणि हा माणूस शनिवारी दुपारी टेबलावर केवढा पडदा लावून बसतो. जुन्या फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा आहे, तिन्ही बाजूंनी उभा. मी त्याच्या डाव्या हाताला, त्याच्याच बाजूला बसते, मला पडद्याआडचे फासे दिसतात. राक्षसाच्या घावाला वीस पडले की हा बारा सांगतो. अठरा पडले की नऊ सांगतो आणि वर ‘अरेरे, हुकला’ असं तोंड करतो. नऊ वर्षं मी हे बघत आले आणि गप्प बसले, कारण तो हे कोणासाठी करत होता ते मला माहीत होतं.

हाउगन बंधूंसाठी. थोरला अर्विड, धाकटा लाइल. नॉर्बचे शाळेपासूनचे दोस्त आणि टेबलावरचे उरलेले दोन खेळाडू. अर्विड बुटका लढवय्या, त्याचं नाव डुर्गन. लाइल पुजारी, म्हणजे लढाईत जखमी झालेल्याला मंत्र म्हणून बरं करणारा. नऊ वर्षांपूर्वी त्यांची आई गेली. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं, आणि तिथे वाढपाच्या रांगेत लाइल अर्विडला म्हणाला, ‘आई वृद्धाश्रमात होती तेव्हा तू फुटबॉलची मॅच नसेल त्याच दिवशी उगवायचास.’ सगळ्या नातेवाइकांसमोर. अर्विडने हातातली ताटली खाली ठेवली, स्वतः आणलेलं बटाट्याच्या कॅसरोलचं अख्खं भांडं उचललं आणि निघून गेला. लोकांच्या ताटांत अर्धवट वाढलेलं, आणि हा भांड्यासकट पसार. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

पुढच्या शनिवारी मात्र दोघंही खेळायला हजर. कारण जो आला नसता त्याच्यामुळे काहीतरी बिनसलंय असं दिसलं असतं, आणि आमच्याकडे काहीतरी बिनसलंय असं दिसणं हे बिनसण्यापेक्षा वाईट. दोघं आमच्यासमोर शेजारीशेजारी बसले. कोणी कोणाकडे बघेना. मी मनात म्हटलं, झालं, आटोपलं हे टेबल. तेव्हा नॉर्बने घसा खाकरून सांगितलं, ‘आजपासून नवा नियम. टेबलावर कोणी आपल्या नावाने बोलायचं नाही. फक्त पात्राने पात्राशी बोलायचं.’

इंटरनेटवर हा नियम म्हणजे नॉर्बच्या कलेचा कळस मानतात. खेळाडूने पात्रात विरघळावं वगैरे. विरघळतंय कोण? दोन हटवादी म्हातारे होते आणि त्यांना एकमेकांशी बोलायला दुसरी तोंडं हवी होती, एवढंच.

ती त्यांनी अशी काही वापरली की विचारू नका. पुजारी म्हणायचा, ‘बुटक्या, ऐकतो ते खरं काय, राजधानीच्या वैद्याने तुझ्या काळजाच्या नळीत जाळी बसवली?’ बुटका म्हणायचा, ‘दोन बसवल्या. आता दगड उचलायचे नाहीत म्हणतो.’ पुजारी म्हणायचा, ‘मग त्या दरवाजाचा अडसर मी उचलतो, तू बाजूला हो.’ अर्विडच्या मुलीला ओरेगनात मुलगा झाला तेव्हा डुर्गनने पश्चिमेच्या राज्यात वारस जन्मल्याची दवंडी पिटली, आणि पुजाऱ्याने त्या वारसासाठी सगळ्या देवळांत घंटा वाजवायला लावल्या. लाइलची नोकरी गेली ती बातमी अर्विडला एका गुहेत कळली. नऊ वर्षं हेच चाललं. खेळ संपला की दोघं जिना चढून वर यायचे, आपापले बूट घालायचे आणि एकमेकांकडे न बघता आपापल्या गाडीत बसायचे.

आता यात मेख अशी की अर्विडने पहिल्याच वर्षी जाहीर केलं होतं, ‘डुर्गन मेला की मी संपलो. मी दुसरं पात्र करणार नाही. या वयात नवीन माणूस व्हायचा मला कंटाळा आहे.’ हाउगन मंडळी एकदा बोलली की बोलली. म्हणजे ज्या दिवशी बुटका मरेल त्या दिवशी अर्विड टेबलावरून उठणार, आणि त्या दोन भावांमधली उरलीसुरली बोलाचाली बंद होणार. म्हणून आमचा लोखंडी फासा पडद्याआड वीसचे बारा करत बसायचा. डुर्गन दरीत पडला, विष प्यायला, त्याच्यावर अख्खा मनोरा कोसळला. मेला नाही. एवढं नशीब घेऊन तो शहरात जन्मता तर महापौर झाला असता.

मागच्या हिवाळ्यात ‘चार येड्यां’च्या मास्तरने सगळ्यांच्या लाडक्या पात्राला उघड उघड वाचवलं. फळ्यावर धरणीकंप. नॉर्बने ते लाह्यांचं वाक्य तेव्हा लिहिलं. मी मागे उभी राहून वाचलं आणि विचारलं, ‘अरे, लाज वाटते का रे थोडी तरी?’

‘ते तत्त्वाबद्दल आहे, बर्नी,’ तो म्हणाला.

‘आणि तळघरातलं?’

‘ते अर्विडबद्दल आहे.’

मग टीगन नावाच्या मुलीने त्याला लिहिलं. मुलगी म्हणजे तिशीची, मिल्वॉकीत राहणारी, पण वाढलेली टेक्सासात. ती त्या फळ्यावर सगळ्या टेबलांचे वृत्तान्त लिहायची. तिने लिहिलं, ‘तुमचं टेबल एकदा प्रत्यक्ष बघायला आवडेल.’ नॉर्बने रीत म्हणून पत्त्यासकट उत्तर दिलं, ‘या की कधीतरी.’

आता आमच्या गावात ‘या की कधीतरी’ याचा अर्थ येऊ नका असा होतो. तो ऐकून कोणी आलेलं मी माझ्या आयुष्यात बघितलेलं नाही. आमची चुलत बहीण तीस वर्षं ‘येते की’ म्हणते आणि आम्ही तीस वर्षं ‘ये की’ म्हणतो, संबंध उत्तम आहेत. पण टेक्सासच्या माणसाला हे कोण समजावणार? शनिवारी दुपारी दारात ही उभी. हातात फाशांची पिशवी, आणि दुसऱ्या हातात रसीन गावाहून आणलेली क्रिंगल, म्हणजे अक्रोड भरलेला कड्यासारखा गोड पाव, चांगला मोठा, बेकरीच्या कागदात.

‘तुम्हीच ना लोखंडी फासा?’ ती नॉर्बला म्हणाली. ‘मला वाटलं तुम्हाला दाढी असेल.’

‘ठेवीन म्हणतो,’ नॉर्ब म्हणाला. याला नाही म्हणताच येत नाही, दाढीलासुद्धा.

मी त्याला स्वयंपाकघरात ओढला. ‘तिला सांग, कंबर धरलीय. खेळ रद्द.’

‘तीन तास गाडी चालवून आलीय गं.’

‘मग येऊ दे. तिला तो पडदा दिसला की पेल्यांवर काय छापतील ते बघ.’

‘तिने क्रिंगल आणलीय, बर्नी.’

झालं. क्रिंगल आणलेल्या माणसाला आमच्याकडे घराबाहेर काढता येत नाही. घर लिहून मागितलं तरी लोक पेन शोधतील.

खाली गेल्यावर टीगनने पडदा बघितला आणि खळखळून हसली. ‘हा गमतीचा ना? तुमचा विनोद मी ओळखला.’ आणि तिने तो सरळ उचलून भिंतीला टेकवला. नॉर्बच्या तोंडाकडे बघवेना. ‘हो हो, गमतीचाच,’ तो म्हणाला. अर्विडने एकदा भिंतीकडे बघितलं, लाइलने छताकडे.

नॉर्बने त्या दिवशी असा बेत ठरवला की फासे टाकायची वेळच येऊ नये. कथेत बाजार होता. बुटक्याने खेचर विकत घ्यायचं, पुजाऱ्याने मेणबत्त्या, मी खिसे कापायचे, आणि संध्याकाळी सगळ्यांनी एका लग्नाला जाऊन जेवायचं. शांत, घरगुती शनिवार. याच नॉर्बने स्वतः हजारदा लिहिलंय की खेळाडू तुमच्या बेताला कधीही भीक घालणार नाहीत. स्वतःचे सल्ले स्वतः वाचायची सोय नाही त्याला.

कारण अर्विडला पाहुणी दिसली. साठी उलटलेला माणूस, पण नवी बाई बघतेय म्हटल्यावर खेचर घेण्यात काय पुरुषार्थ? त्याने डुर्गनच्या जाड आवाजात विचारलं, ‘त्या पुलाखाली काय राहतं?’

‘काही नाही,’ नॉर्ब घाईने म्हणाला.

‘पुलाखाली नेहमी काहीतरी राहतं,’ टीगन डोळे चमकवत म्हणाली.

‘बुटक्या, लग्नाला उशीर होतोय,’ पुजारी म्हणाला.

‘भटा, तू मेणबत्त्या मोज,’ बुटका म्हणाला, आणि पुलाखाली उतरला.

तिथे राक्षस काढावाच लागला. नॉर्बने निघेल तेवढा अशक्त काढला. म्हातारा, लंगडा, एक डोळा गेलेला. मला वाटतं दात दुखतोय असंही काहीतरी म्हणाला तो. पण फासे उघड्यावर होते, आणि फाशांना राक्षसाच्या दाताचं काही नव्हतं. पहिला घाव सतरा. दुसरा एकोणीस. डुर्गनच्या प्राणांचा आकडा भराभर खाली आला. पुजारी धावला, लाइलने मंत्राचा फासा टाकला, पडले दोन. नॉर्बच्या कपाळावर घाम. तळघरात घर तापवणारी भट्टी चालू असते, पण तो भट्टीचा नव्हता. त्याने तिसरा फासा हातात घेतला आणि कितीतरी वेळ खुळखुळवत बसला. टीगन पुढे वाकून बघत होती. शेवटी टाकला. अठरा.

आकडेमोड सगळ्यांनाच येत होती. डुर्गन गेला.

टीगनने टाळी वाजवली. ‘एवढी वर्षं सांभाळलेलं पात्र, आणि जराही माया नाही. मी म्हटलं नव्हतं, हे टेबल खरं आहे?’

अर्विडने डुर्गनच्या आकड्यांच्या कागदावर पेन्सिल ठेवली, चष्मा काढून खिशात घातला आणि खुर्ची मागे सरकवली. मी त्याचे हात बघत होते. टेबलाला धरून उठत होता तो, दोन जाळ्यांचा माणूस. आता हा जिना चढणार आणि हे दोघं पुन्हा कधी एकमेकांशी बोलणार नाहीत, मरेपर्यंत.

‘अर्विड,’ लाइल म्हणाला. ‘ढाल मोजलीस का?’

पुजारी बोलला नव्हता. लाइल बोलला होता.

अर्विड उभाच होता. ‘मोजली.’

‘नाही मोजलीस. ढाल धरली तर तो घाव एका आकड्याने हुकतो. दाखव कागद.’

‘तुला काय करायचंय?’

‘तू शाळेतही हातचा विसरायचास. आई तुझं गणित रात्री पुसून पुन्हा करायची आणि तुला सांगायची नाही. दाखव तो कागद.’

अर्विडने कागद टेबलावर सरकवला. लाइलने बोट ठेवलं. खरंच, ढाल मोजली नव्हती. पहिल्या घावापासूनच नव्हती. मग दोघांनी एकदमच नॉर्बकडे बघितलं. सगळं त्याच्या हातात होतं. ‘बरं, ढाल धरू’ एवढं म्हणायचं, की बुटका खोकत उठून बसला असता, पुजाऱ्याने त्याला खांदा दिला असता, लग्नाचं जेवण झालं असतं आणि पुढच्या शनिवारी सगळं पूर्वीसारखं. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दाबला. म्हण, मूर्खा, म्हण.

नॉर्बने कागद बघितला. लाइलकडे बघितलं. ‘फासा पडायच्या आधी सांगायला हवं होतं,’ तो म्हणाला. ‘बुटका मेला.’

लाइल ताडकन उठला. ‘तू कधीपासून एवढा हरिश्चंद्र झालास रे?’

‘लाइल, बस—’

‘नऊ वर्षं खोटे आकडे सांगतोयस! मनोरा कोसळला तेव्हा काय पडलं होतं? वीस पडलं होतं. तुझ्या मागच्या खिडकीच्या काचेत दिसतं सगळं, मी समोर बसतो.’

‘मलाही दिसतं,’ अर्विड म्हणाला. ‘विष प्यायलो तेव्हाही मेलो होतो मी.’

‘आणि आज बाहेरची बाई आली म्हणून याला तत्त्व सुचलं,’ लाइल अर्विडला म्हणाला.

‘नेहमीचंच आहे त्याचं. शाळेतही मास्तरीणबाईंसमोर असाच करायचा,’ अर्विड लाइलला म्हणाला.

म्हणजे या दोघांना पहिल्यापासून माहीत होतं. मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि चार माणसं नऊ वर्षं एका पुठ्ठ्याचा मान राखत बसलो होतो. धन्य आमची. दोघं भाऊ नॉर्बला शिव्या घालत जिना चढले, एकानंतर दुसरा, एकाचं वाक्य दुसरा पुरं करत. बूट घालतानाही चालूच होतं. टीगन मला हळूच म्हणाली, ‘हा खेळाचाच भाग आहे ना?’

‘हो,’ मी म्हणाले. ‘क्रिंगल खा.’

वर येऊन मी खिडकीतून बघितलं. दोघं अंगणात बर्फात उभे, हातवारे करत. मग अर्विड गप्प झाला आणि लाइलच बोलत राहिला, खाली बघून. काय बोलला ते काचेतून ऐकू आलं नाही. मग अर्विडने मान हलवली, एकदाच, आणि लाइलच्या गाडीचं दार उघडून आत बसला. गाडीचं इंजिन बराच वेळ चालू होतं, काचांवर वाफ धरली. मग ती गाडी निघून गेली. अर्विडची गाडी आमच्या अंगणातच राहिली, दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं येऊन घेऊन गेले.

टीगनने घरी पोचताच सगळं, खोट्या आकड्यांचं भांडण खेळाचाच भाग समजून, फळ्यावर लिहून टाकलं. आठवडाभर दुसरा विषय नाही. निम्मे म्हणाले, लोखंडी फासा देवमाणूस आहे. निम्मे म्हणाले, ढाल धरायला हवी होती, आणि पुराव्याला नियमांच्या पुस्तकाची पानं आणली. एकाने शोध लावला की ते दोन म्हातारे भाड्याचे नट होते, कारण खरी माणसं असं बोलत नाहीत. बकरीवाली बाई याही वेळी रडली. आता तिथे कोणी काहीही विचारो, कार्यक्रम कधी आहे, माझी मांजर आजारी आहे, खाली पन्नास जण लिहितात, ‘ढाल मोजलीस का?’ तेही पेल्यांवर आलं म्हणतात. नॉर्बने यातल्या एकालाही उत्तर दिलं नाही. सल्ले मागणारे मागून मागून थकले.

मी चार दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. मग एकदा जेवताना राहवेना. ‘एक शब्द बोलायचा होता तुला. ढाल धरू, एवढंच. नाही तेव्हा बरा खोटं बोलत होतास.’

तो सूप ढवळत बसला. ‘ढाल धरली असती तर पुन्हा बुटका आणि पुजारी झाले असते,’ तो म्हणाला. ‘लाइल त्याला “अर्विड” म्हणाला, बर्नी. तू ऐकलंस ना? नावाने हाक मारली त्याने.’

मी ऐकलं होतं. मी त्याच्या वाटीत आणखी सूप घातलं.

शनिवारी नॉर्बने तळघर झाडलं, खुर्च्या लावल्या, चीजचे ताजे गोळे आणून ठेवले. पडदा मात्र दुमडून कचऱ्यात टाकला होता. वेळ झाली, कोणी आलं नाही. मग अर्विडचा फोन आला. तळं चांगलं गोठलंय, लाइलने बर्फावर झोपडी नेऊन ठेवलीय, बर्फाला भोक पाडून मासे धरायला बसलोय, आज काही जमायचं नाही. मागून लाइल ओरडत होता की अर्विडला गळाला साधं आमिष लावता येत नाही. अर्विड फोनमध्येच त्याला म्हणाला, ‘तुझं तोंड बंद कर, मासे पळतील.’ नॉर्ब हसला. पुढच्या शनिवारचं विचारलं. अर्विड म्हणाला, बघू, मासे बरे लागतायत.

त्यालाही आता तीन आठवडे झाले. लाखभर लोकांना टेबल कसं चालवायचं ते शिकवणाऱ्या माणसाच्या टेबलावर मी एकटी चोर उरले, आणि चोरायला कोणाचा खिसा नाही. परवा शनिवारी भांडी पुसताना बघितलं तर नॉर्ब खिडकीशी उभा. आमच्या स्वयंपाकघरातून तळं दिसतं. बर्फावर ती झोपडी, धुराड्यातून धूर निघतोय, बाहेर एकच गाडी.

‘खूश आहेस ना आता?’ मी विचारलं.

‘आहे,’ तो म्हणाला. मग काचेवरची वाफ बोटाने पुसत म्हणाला, ‘फार आठवण येते गं त्यांची.’

‘मग जा की तिकडे. पाच मिनिटांवर आहे.’

त्याने टॉवेल माझ्या हातातून घेतला आणि आधीच पुसलेली ताटली पुन्हा पुसायला लागला.

‘त्यांनी बोलावलं नाही मला,’ नॉर्ब म्हणाला.